मामाजींचे दोन्ही कान

माझा साडू माझ्यापेक्षा चांगले फोटो काढतो, हे मला पहिल्यांदा माझ्या बायकोनं सांगितलं. तेही मी जेवत असताना. भाताचा घास तोंडात होता म्हणून बरं, नाहीतर काय बोललो असतो कुणास ठाऊक.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्या सासुरवाडीला मुलगा नाही, दोन मुलीच. त्यामुळे तिथं आम्हा दोन जावयांचं फार चालायचं. मी 'मोठे जवाई', तो 'लहान जवाई'. मी वयानं मोठा, मानानं मोठा आणि धंद्यातही मोठा. नव्याण्णव साली गोरेगावात एसटी स्टँडजवळ मी फोटो स्टुडिओ टाकला, तेव्हा हा गडी आमगावला कॉलेजच्या नावाखाली रेल्वे फाटकापाशी गप्पा ठोकत उभा असायचा. पुढं त्याचं लग्न झालं आणि तो माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. "साडभाऊ, हे काय होय जी? अन् हे बटन कायचं?" मी सगळं सांगत गेलो. मोठेपणा मिरवायचा होता ना! कोणी विचारतंय म्हटल्यावर मी रोल कसा धुतात इथपासून नवरीच्या डोळ्यांत चमक कशी आणतात इथपर्यंत सगळं ओकून टाकलं. वर चहाही पाजला.

मग डिजिटल आलं आणि ह्यानं आमगावला स्टेशनच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. तोवरही माझं काही म्हणणं नव्हतं. आमगाव आमगावच्या जागी, गोरेगाव गोरेगावच्या जागी. पण त्यानं ती लेन्स घेतली आणि माझी झोप उडाली.

कॅमेऱ्याबरोबर खोक्यात जी लेन्स येते तिला आम्ही किट लेन्स म्हणतो. ती पुढं-मागं होते, म्हणजे तिला झूम असतो. लग्नात जागेवर उभं राहून नवरीही घेता येते आणि अख्खी वरातही. प्राईम लेन्सला झूम नसतो. जवळ जायचं, दूर जायचं, ते आपल्या पायांनी. त्या बदल्यात ती अंधारातही उजेड खेचते, आणि माणूस तेवढा लख्ख ठेवून त्याच्या मागचं सगळं विरघळवून टाकते. साडूनं पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, प्राईम घेतली आणि आपल्या पोरीच्या वाढदिवसाचा फोटो काढला. पोरगी अशी की पापण्यांचे केस मोजून घ्यावेत, आणि मागं लावलेल्या लाइटच्या माळेचे गोल गोल पिवळे थेंब झालेले, बुंदीसारखे. मागची पत्र्याची भिंत, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातला सिलिंडर, सगळं गायब.

तो फोटो मामाजींच्या, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या, सदऱ्याच्या खिशात जाऊन बसला. मामाजी धानाचे शेतकरी, बिरसीच्या अलीकडं त्यांचं गाव. बाजाराच्या दिवशी ते गोरेगावला आले की माझ्या दुकानाच्या बाकावर बसायचे आणि माझ्याच गिऱ्हाइकांना तो फोटो दाखवायचे. "पाय, माझी नात. आमच्या लहान जवायानं काढला. मांगचं काहीच दिसत नाई!" गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं. मी कात्रीनं पासपोर्ट फोटो कापत बसायचो. एकदा रागाच्या भरात कोणा बिचाऱ्याचा कानच कापला.

"तुमी कायले जळता जी?" बायको म्हणाली.

"कोन जळून राहिलं? मी?"

"मंग भात काऊन चिवडून राहिले?"

जळत होतोच. उगाच खोटं कशाला बोलू! तो आपला मोबाइल पुढं करून नवा फोटो दाखवायला लागला की माझ्या पोटात दुखायला लागायचं, आणि तोंडानं मात्र मी म्हणायचो, "बढिया आहे, फक्त हॉरिझन जरा वाकडा आहे." हॉरिझन कधीच वाकडा नसायचा.

त्या वर्षी धानाची मळणी आटोपली आणि मामाजींनी आम्हा दोघांना एकत्र बोलावून एक काम सांगितलं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांची एक रीत आहे. हातपाय धड आहेत तोवर ते स्टुडिओत येतात, नवं धोतर नेसून, दाढी करून, आणि 'भिंतीवरचा फोटो' काढून घेतात. म्हणजे आपण गेल्यावर हार घालायचा फोटो. त्यात त्यांना काही वाईट वाटत नाही. फोटो मोठा करून, फ्रेम करून घरी नेतात आणि कपाटामागं ठेवून देतात. ज्यांनी वेळेत काढून ठेवला नाही त्यांचे फार हाल. मग पोरं मतदानाचं कार्ड घेऊन माझ्याकडं धावत येतात, आणि त्या नखाएवढ्या काळपट चेहऱ्याचा मी हातभर फोटो करून देतो. वरून कॉम्प्युटरवर कोट चढवतो.

मामाजींच्या थोरल्या भावाचा तसा फोटो मीच करून दिला होता. त्यावर मामाजींचा दात होता.

"मुंडकं माझ्या भावाचं, अन् कोट कोनाचा?" बाजेवर बसून ते म्हणाले. "जितेपनी त्यानं कदी कोट घातला नाई. आता भिंतीवर तहसीलदार होऊन बसला. माझं तसं नोका करू. मी जिता हाव तोवर काढा. दोघंबी काढा. ज्याचा बेस होईल तो टांगू."

"अवो, कायले असं बोलून राहिले जी?" सासूबाई आतून ओरडल्या.

"तू गप. तुलेबी काढून घे म्हनलं त आयकत नाई."

साडू हसला. "काढू ना मामाजी, मस्त काढू."

मी हसलो नाही. मी हिशेब करत होतो. गोरेगाव, आमगाव, बिरसी, सगळीकडचे पाहुणे पुढची कितीतरी वर्षं ज्या फोटोसमोर हात जोडणार, तो फोटो कोणाचा? त्या घरात मी मोठा जावई. तिथल्या भिंतीवर लहान जावयाची लेन्स चढली तर मी त्या घरात जेवायला कोणत्या तोंडानं बसायचं? किट लेन्सनं हे जमणार नव्हतं. मलाही प्राईम पाहिजे होती.

दुसऱ्याच दिवशी मी गोंदियाला गेलो. बाजारपेठेत एक कॅमेऱ्याचं दुकान होतं, आमच्या सगळ्या फोटोवाल्यांचं तेच माहेर. दुकानदार गोंदियाचा, म्हणजे बोलणार हिंदीच.

"प्राईम चाहिए? कौन सी? पैंतीस, पचास, पचासी, सब दिखाता हूँ." त्यानं काचेवर मखमली कपडा टाकला आणि तिन्ही मांडल्या. "पहले ये बताओ, शूट क्या करते हो? पीछे हटने को जगह कितनी मिलती है?"

हा खरं तर नेमका प्रश्न होता. प्राईम घेताना एवढंच विचारायचं असतं. माझा स्टुडिओ म्हणजे खोली कसली, डबा. आमची लग्नं अंगणातल्या मांडवात, तिथं मागं सरकलं की कोणाच्या तरी आत्याच्या मांडीवर बसायची वेळ. पस्तीसची छोट्या जागेला चांगली. पन्नासची एकट्या माणसाला चांगली. पंच्याऐंशीची चेहऱ्याला सगळ्यात सुंदर, पण तिला मैदान लागतं. हे सगळं मला कळत होतं. मी काही अडाणी नव्हतो.

मी विचारलं, "पचास के ऊपर कौन सी?"

"पचासी. लेकिन..." तो थांबला. "वो आमगाव वाले भैया हैं ना, आपके रिश्तेदार? वो पचास ले गए. बहुत सोच के लिए. पहले अपनी किट लेन्स को पचास पर रख के टेप चिपका दिया, और पूरी एक शादी वैसे ही खींची. बोले, पहले देखता हूँ, पाँव को जमता है क्या. आप भी घर जाके वैसा करके देखो, फिर आओ."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता लेन्सही मी त्याच्या पद्धतीनं निवडायची! त्यानं टेप लावली म्हणून मी टेप लावायची! आणि त्यातही गंमत अशी की माझ्या किट लेन्सचा झूम पंचावन्नपाशी संपायचा. पंच्याऐंशी त्यावर नव्हतंच. टेप लावणार कुठं?

मी पंच्याऐंशीची कॅमेऱ्याला लावली आणि दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या चहावाल्यावर रोखली. अहाहा! काय सांगू! त्याच्या मिशीतला एक एक केस, कपाळावरचा घाम, आणि मागच्या रिक्षा, मोटारसायकली, हॉटेलच्या पाट्या, सगळ्याचं लोणी. साडूच्या पन्नासनं असं कधी झालं नसतं. ही घेऊन मी मामाजींच्या अंगणात उभा आहे आणि साडू बघतोय, एवढंच मला दिसायला लागलं.

"यही दे दो," मी म्हटलं.

"भैया, रस्ते के उस पार का आदमी देख के लेन्स मत लो. आपका ग्राहक तो कुर्सी पे बैठेगा."

"दे दो ना भाई!"

गोरेगावला आलो आणि दुकानात बायकोला खुर्चीवर बसवलं. डोळ्याला कॅमेरा लावला. नाक आणि कपाळ. मागं सरकलो. पाठ भिंतीला टेकली, तरी आपलं नाक आणि कपाळच. मग मी दारात गेलो. मग पायरीवर. मग रस्त्यावर. अर्धी बायको फ्रेममध्ये आली तेव्हा मी स्टँडच्या रस्त्याच्या मधोमध उभा होतो आणि गोंदियाची एसटी हॉर्न वाजवत होती.

"आता रस्ता पार करून फोटू काढता का जी?" बायको आतून ओरडली. शेजारचा सायकल दुकानवाला पोट धरून हसत होता.

"बढिया येऊन राहिला," मी म्हटलं. "तू हालू नको."

"मी नाई हालत. तुमीच हालून राहिले."

ती उठली आणि आपल्या कामाला लागली. ती आमच्या दुकानात फ्रेमिंगचं काम बघायची, काच कापायची, लाकडी पट्ट्या ठोकायची. माझ्याशी भांडून काही उपयोग नाही, हे ती कधीच शिकली होती.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं साडू सासुरवाडीला पोचलो. थंडीची सकाळ होती. अंगणात कोवळं ऊन, एका बाजूला धानाच्या तणसाचा ढीग, पलीकडं विहीर, विहिरीच्या पलीकडं शेळ्यांचा गोठा. मामाजी नवं धोतर नेसून, पांढरा सदरा घालून, केसांना तेल लावून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, परीक्षेला बसल्यासारखे. सासूबाईंनी त्यांना टोपी घातली होती. ती ते दर थोड्या वेळानं काढत होते आणि सासूबाई पुन्हा घालत होत्या.

"पहले मोठे जवाई," मामाजी म्हणाले. मला बरं वाटलं. मान तर मिळाला.

मी पिशवीतून लेन्स काढली, जरा सावकाश, साडूला दिसेल अशी. त्याचे डोळे मोठे झाले. "बाप रे! पंच्याऐंशी घेतली जी साडभाऊ? लय भारी!" त्याच्या बोलण्यात कुठं खोट सापडते का म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. नाही सापडली. मनापासून म्हणाला मेला.

मग मी मागं सरकायला लागलो. तणसाच्या ढिगापर्यंत गेलो. अजून नाही. विहिरीला वळसा घातला. अजून थोडं. छातीपर्यंतचा फोटो घेतला असता तर अलीकडंच भागलं असतं, पण मला सगळंच हवं होतं, खुर्ची, धोतर, ऐटीत बसलेला माणूस. शेवटी गोठ्याच्या कुडाला पाठ टेकली आणि एक शेळी माझ्या पिशवीचा बंद चावायला लागली, तेव्हा फ्रेम जमली.

आता अडचण अशी होती की मामाजींना ऐकू कमी यायचं. हे घरात सगळ्यांना माहीत, मलाही माहीत. पण लेन्स घेताना माणसाच्या कानांचा विचार कोण करतो?

"मामाजी, हनुवटी खाली!" मी ओरडलो.

मामाजींनी कानामागं हात धरला. "आँ?"

"हनुवटी! खाली!"

"काय म्हनून राहिला?"

"हनुवटी खाली करा म्हनून राहिले," सासूबाईंनी सांगितलं. मामाजींनी मान खाली घातली आणि आपल्या पायांकडं बघायला लागले.

"तेवढी नाही! माझ्याकडं पाहा!"

"आँ?"

तेवढ्यात बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पायलटांचं ते लहान विमान घरघरत डोक्यावरून गेलं. दिवसभर ती विमानं धानावर घिरट्या घालत असतात, गावात कोणी मान वर करत नाही. पण मामाजींना तोंडासमोर कॅमेरा म्हणून आधीच काही सुचत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. मी बटण दाबत राहिलो. कानामागं हात, तोंड उघडं. आकाशाकडं डोळे, तोंड उघडं. रागानं लाल झालेले, तोंड उघडंच.

"झालं का जी?" ते वैतागून म्हणाले. "आता लहान जवाई काढा."

साडूनं काय केलं? बसायचा वेताचा मोडा ओढला आणि मामाजींच्या पुढ्यात, जरा बाजूला, गुडघ्याला गुडघा लागेल असा जाऊन बसला. कॅमेरा मांडीवर ठेवला आणि बोलायलाच लागला. त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन, हळू. मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि ह्या वेळी सासूबाईंनी ती परत घातली नाही.

मी गोठ्यापाशीच उभा होतो. जवळ जायची लाज वाटत होती, आणि निघून जायचीही. म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावला. खोटं नाही सांगत, मला फोटो काढायचा नव्हता. मला बघायचं होतं की हा करतो काय. पंच्याऐंशीतून मला सगळं हाताच्या अंतरावर दिसत होतं. साडूच्या पाठीचा धुरकट गोळा कडेला, आणि पलीकडं मामाजींचा चेहरा. तो चेहरा बदलत गेला. आधी कपाळाच्या आठ्या गेल्या. मग ओठांचा कोपरा हलला. साडू काहीतरी म्हणाला, मामाजींनी त्याच्याकडं पाहिलं, आणि मामाजी हसले.

मी त्या घराचा इतक्या वर्षांचा जावई. माझ्यासमोर मामाजी कधी असे हसले नव्हते. माझ्याशी ते धानाच्या भावाबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे, जेवून घ्या म्हणायचे. हे हसू वेगळं होतं. डोळे बारीक झाले, गालावर सुरकुत्या पसरल्या, एक पडलेला दात दिसला. पार आतून आलेलं. आणि ते कोणासाठी? तर त्या आमगावच्या फाटकावरच्या गप्पिष्टासाठी. असा जीव जळला माझा की बोट आपोआप बटणावर दाबलं गेलं. दाबलं, दाबलं, दाबतच राहिलो. साडूनंही मांडीवरचा कॅमेरा उचलून तेव्हाच आपले फोटो काढले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी प्रिंट आणून मामाजींच्या बाजेवर मांडले. माझे समोरून काढलेले सगळे फोटो बघून सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "माय गं, हे त कोनासंग भांडून राहिले!" मामाजींनी ते बाजूला सारले. मग त्यांनी साडूचा प्रिंट उचलला. हसरा चेहरा, जवळून घेतलेला, डोळे जिवंत. गेलं, म्हटलं. भिंत गेली.

मामाजींनी फोटो जवळ नेला, दूर नेला, उन्हात धरला.

"कान कुठं गेले?" ते म्हणाले.

"आँ?" आता साडूच तसं म्हणाला.

"माझे कान. नाक हाय, डोये हाय. कानाचं पानी झालं. पाय ना."

खरंच झालं होतं. साडूनं फार जवळून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढला होता. अशी लेन्स एक पातळ चीर तेवढी लख्ख ठेवते; तिच्यात डोळे आणि नाक मावलं, कान मागं धुरात गेले. लेन्सवाल्यांना त्यात मोठं सौंदर्य वाटतं. पण आमच्या गावात फोटो म्हटला की दोन्ही कान दिसले पाहिजेत. पासपोर्ट, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, इतकी वर्षं मीच प्रत्येक गिऱ्हाइकाची मान सरळ करत ओरडत आलो होतो, "दोन्ही कान दिसू द्या, नाहीतर फोटो वापस येईल." पंचक्रोशीला ते पाठ झालं होतं.

"मेल्यावर पोरी म्हनतील, बाबाले आयकू येत नव्हतं म्हनून कान काढूनच टाकले," मामाजी म्हणाले. "हा नाई चालत."

मी खिशातून शेवटचा प्रिंट काढला. तो दाखवावा की नाही हे माझं ठरत नव्हतं. तोच क्षण होता, तेच हसू. पण मी दुरून काढलेला, म्हणून नाकापासून कानापर्यंत सगळं सारखं लख्ख, आणि मागचं उन्हातलं अंगण सोनेरी धूर झालेलं. कडेला साडूच्या पाठीचा गोळा होता.

मामाजींनी बोटानं आपले कान मोजले. एक, दोन.

"हाच," ते म्हणाले. "हा टांगा. फक्त ह्या जित्या मानसाले यातून काढून टाका. माझ्यासंग त्याच्या पाठीले हार घालता का?"

सगळे हसले. साडू सगळ्यात मोठ्यानं. "बरोबर हाय मामाजी. साडभाऊ, तुमचाच बेस हाय जी. मी म्हनतच होतो, पंच्याऐंशी ते पंच्याऐंशी." आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्याचा चेहरा मी नीट बघितला. त्याला काहीच वाटलं नव्हतं. मी जिंकलो होतो आणि तो माझ्यावर जळत नव्हता. आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं!

कॉम्प्युटरवर मी साडूला कापलं. एवढ्या आनंदानं मी आयुष्यात काही कापलं नसेल. उरले ते मामाजी, छातीपर्यंत, एकटे. मोठा प्रिंट काढून बायकोकडं फ्रेमला दिला. तिनं काच पुसली, फोटो बसवला, आणि मागची पट्टी ठोकायच्या आधी जरा थांबली.

"बाबा कोनाकडे पाहून हसून राहिले जी?"

"कॅमेऱ्याकडं," मी म्हटलं.

ती खिळे ठोकायला लागली.

मामाजींनी ती फ्रेम कपाटामागं ठेवली आणि त्यानंतर चार-पाच वर्षं छान काढली. ते गेले तेव्हा फोटो बाहेर आला आणि समोरच्या खोलीत भिंतीवर गेला. येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोर थबकायचा. "काय हासून राहिले! जसे बोलतीलच आता. कोनं काढला?" सासूबाई सांगायच्या, "मोठ्या जवायानं." त्या दुःखातही माझी मान ताठ व्हायची. हे ऐकायलाच तर मी ती लेन्स घेतली होती.

पण त्या फोटोत मामाजी समोर बघत नाहीत. चेहरा समोर आहे, दोन्ही कान आहेत, डोळे मात्र जरा बाजूला वळलेले. आणि भिंतीवर तो अशा ठिकाणी टांगला गेला की ते डोळे नेमके दाराजवळच्या खुर्चीवर जातात. त्या खुर्चीत कोण बसतं? साडू. पहिल्यापासून त्याची ती जागा, दाराजवळ वारा लागतो म्हणून. मी आपला समोर बाजेवर बसलेला, आणि मामाजी माझ्या खांद्यावरून त्याच्याकडं बघून हसतायत. दर सणाला. दर कार्यक्रमाला. मी काढलेल्या फोटोत. फ्रेम जरा तिरपी करून बघितली, खिळा हलवायचा विचार केला, पण सासूबाईंनी विचारलं असतं काऊन म्हणून, तर काय सांगणार होतो?

मामाजींच्या वर्षश्राद्धाला मी मुद्दाम लवकर गेलो. खोलीत कोणी नव्हतं. बायको सरळ आत गेली, आणि मी त्या खुर्चीत जाऊन बसलो. वर बघितलं. मामाजी माझ्याकडं बघून हसत होते, पडलेल्या दातासकट. मी तसाच बसून राहिलो. खोली भरत गेली, सतरंजीवर पाहुणे बसले, मी उठलो नाही. मग साडू आला. मला तिथं बघून क्षणभर दारात थांबला.

"बसा जी साडभाऊ, बसा," म्हणाला आणि माझ्या पायाशी सतरंजीवर बसला.

बायको आतल्या दारातून माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. मी तिकडं लक्ष दिलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न मी शेवटी विचारून टाकला.

"त्या दिवशी तू मामाजींच्या कानात काय बोलत होतास रे?"

"कोन्या दिवशी?"

मी फोटोकडं बोट दाखवलं.

त्यानं वर बघितलं आणि त्याला हसू आलं. मग डोळे पुसले. "काही नाई जी. तुमच्याबद्दलच बोलून राहिलो होतो. म्हटलं मामाजी, मोठे जवाई असेच मांगं मांगं गेले त बिरसीले पोचतील. मंग विमानात बसून वरून तुमचा फोटू काढतील अन् वरूनच हनुवटी खाली म्हनून ओरडतील."

मला राग यायला पाहिजे होता. आलाही. आयुष्यभर ज्या हसण्यावर जळलो ते माझ्यावरच होतं, आणि तो विनोदही त्यानंच केलेला. मी काहीतरी झोंबणारं बोलायला तोंड उघडलं आणि नजर वर गेली. मामाजी हसत होते. मी गोठ्याला पाठ टेकून ओरडत होतो, शेळी माझी पिशवी खात होती, आणि मामाजी हसत होते ते मला. लहान जवायाला नाही, नातीला नाही, मलाच. चला, म्हटलं, एवढं तरी माझं.

आतून जेवायची हाक आली. सगळे उठले, साडूही उठला. मी त्या खुर्चीतून उठलो नाही.